साहेबांचं देणं

पत्र असं आहे:

"नमस्कार. मी भोसरीच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. शाळा मराठी माध्यमाची, नंतर डिप्लोमा. आमच्याकडे गाड्यांचे सुटे भाग बनतात. प्रॉडक्शनचे साहेब फार कडक आहेत. दोन वर्षांपूर्वी एक लॉट परत आला, तेव्हा ते सगळ्यांसमोर म्हणाले होते, 'क्वालिटीवाले झोपा काढतात.' तेव्हापासून मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलते. गेल्या महिन्यात एका पार्टच्या बोअरचं, म्हणजे आतल्या भोकाचं, माप सारखं बाहेर जात होतं. टूल बदललं, ऑफसेट देऊन (मशीनवर माप किंचित सरकवून) पाहिला, मापाचं गेज तपासून आणलं, काही उपयोग नाही. आठवडा गेला. मग एका रात्री साहेब स्वतः तिसऱ्या शिफ्टला थांबले. एक ऑपरेटर म्हणाला की जॉब, म्हणजे मशीनवर लावलेला पार्ट, बसवताना किंचित हलतो. साहेबांनी लगेच जॉब पकडून ठेवणारं फिक्स्चर उघडायला लावलं, तर त्यातली जॉब जागेवर बसवणारी लोकेटिंग पिन झिजलेली निघाली. सकाळी प्रश्न मिटला होता.

ग्राहकाला रिपोर्ट पाठवताना मेलमध्ये मी लिहिलं, 'टु गिव्ह द डेव्हिल हिज ड्यू, सरांनी एका रात्रीत मूळ कारण शोधलं.' इंग्रजी सुधारावं म्हणून मी रोज पाच वाक्प्रचार पाठ करते. त्या यादीत याचा अर्थ दिला होता, 'लायक माणसाला त्याचं श्रेय देणे'. मेल प्लँट हेडना होता, ग्राहकालाही होता. त्या दिवसापासून साहेब माझ्याशी बोलत नाहीत. कँटीनमध्ये पोरं त्यांना 'डेव्हिल सर' म्हणायला लागली आहेत. मी खरंच चांगलं लिहायला गेले होते. माफी मागू का? मागितली तर विषय आणखी वाढेल का? आणि तो वाक्प्रचार चुकीचा होता का?

– एक वाचक, पिंपरी-चिंचवड"

ताई, माफी मागाच, आणि याच आठवड्यात मागा. कशी मागायची ते सांगते, पण आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते. तुमच्या हातून नेमकं काय झालं हे कळलं नाही, तर माफीही भलत्याच गोष्टीची मागितली जाईल.

तुमच्या यादीने तुम्हाला अर्धाच अर्थ दिला. श्रेय देणं हा त्या वाक्प्रचाराचा उत्तरार्ध झाला. पूर्वार्ध 'डेव्हिल' या एका शब्दात दडलेला आहे आणि तो असा: हा माणूस मला आवडत नाही, किंवा याच्याबद्दल फारसं चांगलं बोलावं असं याने काही केलेलं नाही, तरीही. आपण नाही का म्हणत, "माणूस एक नंबरचा खडूस, पण हिशेबात पैसा इकडचा तिकडे होऊ देणार नाही." इंग्रजी बोलणारा माणूस तो वाक्प्रचार अशा वेळी काढतो. मन मोठं करून, नाइलाजाने का होईना, न आवडणाऱ्या माणसाचा गुण कबूल करायचा असतो तेव्हा. आणि शक्यतो त्या माणसाच्या पाठीमागे. तोंडावर म्हटलं तर ते शालजोडीतलं होतं. तुमच्या साहेबांनी ते तसंच घेतलं. ग्राहकासमोर आपल्याला शालीत गुंडाळून जोडा मारला, असं त्यांना वाटलं असणार.

हा वाक्प्रचार आजचा नाही. शेक्सपिअरच्या 'हेन्री चौथा' नाटकाचा पहिला भाग 1598 साली छापला गेला, त्यात तो आहे. फॉल्स्टाफ नावाचा एक लठ्ठ, खादाड, बढाईखोर सरदार आहे. त्याचा एक सोबती त्याला चिडवतो की गेल्या गुड फ्रायडेला तू मदिरेचा एक पेला आणि कोंबड्याची एक गार तंगडी घेऊन आपला आत्मा सैतानाला विकलास, त्या सौद्याचं पुढे काय झालं? गुड फ्रायडे म्हणजे ख्रिस्ती माणसाचा कडक उपासाचा दिवस, हे लक्षात घेतलं की टोमण्याची धार कळते. त्यावर राजपुत्र म्हणतो की फॉल्स्टाफ शब्दाचा पक्का आहे, त्याने आजवर एकही म्हण मोडलेली नाही, तो सैतानाचं देणं सैतानाला नक्की देईल. म्हणजे त्या काळीही ही लोकांच्या तोंडची जुनी म्हण होती, आणि राजपुत्र ती अगदी शब्दशः वापरतो: घेतलं आहेस, आता चुकतं कर.

हा 'देणं' शब्द लक्षात ठेवा, त्याच्याकडे मला परत यायचं आहे.

इंग्रजीत सैतानाचं नाव घेतलं की दर वेळी शिवीच होते असं नाही. एखाद्याचा विषय निघाला आणि तेवढ्यात तोच दारात उभा राहिला, तर ते 'स्पीक ऑफ द डेव्हिल' म्हणतात. आपण त्याच क्षणी म्हणतो, "शंभर वर्षं आयुष्य आहे हो तुम्हाला, आत्ताच नाव काढलं!" तिकडे सैतान, इकडे शतायुषी होण्याचा आशीर्वाद, आणि प्रसंग तोच. मुद्दाम उलटी बाजू मांडणाऱ्याला ते 'डेव्हिल्स ॲडव्होकेट' म्हणतात. रोमन कॅथलिक चर्चमध्ये हे खरोखरचं पद होतं. एखाद्याला संत ठरवण्याआधी त्याच्या विरोधात बाजू मांडणारा हा अधिकारी 1587 पासून नेमला जाई, आणि 1983 मध्ये ती सगळी पद्धतच बदलली. या दोन्ही प्रयोगांत सैतान इतका झिजला आहे की बोचत नाही. तुमच्या वाक्प्रचारातला मात्र अजून शाबूत आहे. आणि जे इंग्रजी घरात ऐकत नाहीत, पुस्तकातून शिकतात, त्यांना सैतान म्हणजे सैतानच दिसतो. साहेबही बहुधा तुमच्या-माझ्यासारखे मराठी शाळेतलेच असतील.

हा वाक्प्रचार चपखल कुठे बसतो, याचं एक उदाहरण देते. ते आपल्याच मातीतलं आहे. 23 सप्टेंबर 1803 ला, आताच्या जालना जिल्ह्यात जाफराबादजवळच्या असई गावापाशी, आर्थर वेलस्ली हा इंग्रज सेनापती दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी लढला. जिंकला, पण मराठ्यांच्या तोफांनी त्याची माणसं अक्षरशः कापून काढली. लढाईनंतर काही दिवसांनी त्याने पत्रात लिहिलं की हिंदुस्थानात मी पाहिलेलं यांचं पायदळ सर्वांत उत्तम, आमचं सोडून. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, 1815 मध्ये वॉटर्लूला त्याने नेपोलियनला हरवलं. उतारवयात त्याला कुणीतरी विचारलं की लढाईच्या मैदानात तुमच्या हातून झालेली सर्वांत मोठी कामगिरी कोणती? त्याने वॉटर्लूचं नाव घेतलं नाही. म्हणाला, "असई."

या दोन कौतुकांतलं अंतर पाहा. पत्रातलं कौतुक खरं होतं, पण हातचं राखून केलेलं. 'आमचं सोडून' हे दोन शब्दांचं शेपूट त्याला सोडवेना. शत्रूला त्याचं देणं दिलं, पण मोजून. ते 'डेव्हिल'ला दिलेलं 'ड्यू'. म्हातारपणी एका शब्दात जे दिलं, त्याला शेपूट नव्हतं. असईला आपल्यासमोर कोण उभं होतं, हे त्या एका शब्दात सगळं आलं.

आता एक प्रश्न विचारते, ताई. रागावू नका. तुमच्या यादीत श्रेय देण्याचे आणखीही वाक्प्रचार असतील. त्यातून नेमका हाच कसा उचललात? अर्थ माहीत नव्हता हे मी पूर्ण मानते. पण 'डेव्हिल' हा शब्द तर माहीत होता. तो टाइप करताना हात थबकला नाही, कारण दोन वर्षांपूर्वीचं 'झोपा काढतात' आत कुठेतरी तसंच आहे, असं मला तुमचं पत्र वाचताना वाटलं. चार ओळींच्या प्रसंगात तुम्ही ते आवर्जून लिहिलंत. माझा अंदाज असा की शब्द चुकला नाही, तो तुमच्या मनात होतं ते बरोबर बोलला, फक्त तुमच्या परवानगीशिवाय बोलला. मी चुकत असेन तर हे सोडून द्या. पण बरोबर असेन, तर साहेबांपुढे जाण्याआधी हे स्वतःशी मान्य करा.

हे मी उगाच बोलत नाही. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे. आमच्या मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाचं भाषण माझ्याकडे होतं. मी म्हटलं, "बाई कडक होत्या, पण त्यांनी शाळेला शिस्त लावली." टाळ्या पडल्या. वर्षभराने त्या भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही छान बोललात, पण घरी गेल्यावर माझ्या लक्षात राहिला तो तुमचा 'पण'." त्यांनी बत्तीस वर्षं त्या शाळेला दिली होती. मी त्यांना दोन मिनिटांचं भाषण दिलं, आणि त्यातलंही अर्धं वाक्य मी माझ्या जुन्या नाराजीवर खर्च केलं होतं. त्या आता नाहीत. ते वाक्य मला पुन्हा म्हणता येणार नाही. तुमचे साहेब मात्र उद्या सकाळी शॉपवर असतील.

आता त्या 'ड्यू'कडे येऊ. हा शब्द आपल्याला परका नाही. विजेच्या बिलावर 'ड्यू डेट' असते. कॉलेज सोडताना 'नो ड्यूज' वर लायब्ररीपासून जिमखान्यापर्यंत सह्या गोळा केल्याचं तुम्हाला आठवत असेल. ड्यू म्हणजे देणं, थकलेली बाकी. श्रेयाला इंग्रजीने हा शब्द लावला, ते मला फार नेमकं वाटतं. श्रेय देणारा कुणावर मेहेरबानी करत नसतो, जे आधीच दुसऱ्याचं आहे ते त्याच्या हातात ठेवत असतो. लाइटबिल भरताना आपण खिडकीवरच्या माणसाला 'तुम्ही तसे वाईटच, पण हे घ्या पैसे' असं म्हणत नाही.

आणि आपल्याकडे तर याहून सुंदर शब्द आहे: दाद. गाण्याच्या बैठकीत एखादी जागा सुरेख गेली की आपण दाद देतो. अन्याय झाला की कोर्टात दाद मागतो. कुठे दाद लागली नाही, तर 'दाद ना फिर्याद' म्हणतो. हा एकच शब्द आहे, फारसीतून आलेला, आणि त्याचा मूळ अर्थ न्याय. गवय्याला मान डोलावून जे देतो तेच न्यायाधीशाकडे मागतो. म्हणजे आपल्या भाषेने कौतुक आणि न्याय एकाच घरात ठेवले आहेत. तुम्हाला साहेबांना द्यायची आहे ती ही दाद. आपल्याकडे 'श्रेयाचं माप ज्याच्या त्याच्या पदरात घालणं' असंही म्हणतात. माप घालणाऱ्याने पायली सपाट करायची असते, धान्य परत आपल्या बाजूला ओढायचं नसतं.

तर मग इंग्रजीत काय लिहायचं? 'क्रेडिट व्हेअर क्रेडिट इज ड्यू' हे त्यातल्या त्यात स्वच्छ. बायबलमध्ये पॉलने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात 'ज्याचा मान त्याला द्या' असा उपदेश आहे, हा वाक्प्रचार त्याच कुळातला. तरी त्यातही किंचित 'नाही म्हणायला' असा सूर लागू शकतो. 'यू हॅव टु हँड इट टु हिम', म्हणजे 'त्याला मानावंच लागेल', यात तो सूर आणखी ठळक. 'हॅट्स ऑफ' मनमोकळं आहे, पण ते बोलण्यातलं, रिपोर्टातलं नाही. शिवाय त्याचं शब्दशः मराठी करू नका. इंग्रजाने टोपी काढली की मान दिला. आपल्याकडे वडीलधाऱ्यांपुढे बोडक्याने जाणं हा उद्धटपणा होता, आणि पगडी उतरवणं म्हणजे नाचक्की. 'शाबास' अशा अर्थाचं 'कुडोज' चालेल. तो मुळात ग्रीक शब्द आहे, शेवटचा 'स' अनेकवचनाचा नाही, म्हणून 'एक कुडो' असं काही नसतं. पण खरं सांगू? यातलं काहीच नको. रिपोर्टात श्रेय द्यायला वाक्प्रचार लागतच नाही. काय केलं, कधी केलं, त्याने काय फरक पडला, एवढं लिहिलं की झालं. "सरांनी तिसऱ्या शिफ्टला थांबून फिक्स्चर उघडून पाहिलं, झिजलेली लोकेटिंग पिन सापडली, ती बदलल्यावर बोअरचं माप टॉलरन्समध्ये आलं." साध्या इंग्रजीत हीच तीन वाक्यं. कारखान्यातल्या माणसाला 'ग्रेट' आणि 'ऑसम' पेक्षा हे वाचून जास्त बरं वाटतं, कारण यात आपलं काम कुणीतरी नीट पाहिलं हे दिसतं.

आता माफी. केबिनमध्ये जा, शिफ्ट बदलायच्या गडबडीत नको, उभ्या उभ्या मशीनपाशी तर नकोच. मराठीत बोला. मला वाटतं एवढं पुरे: "सर, त्या मेलमधला शब्द फार वाईट होता. मला त्याचा पूर्ण अर्थ माहीत नव्हता, पण न समजता तो ग्राहकापर्यंत पाठवला ही चूक माझीच. तुमच्या कामाचं मला खरंच कौतुक वाटलं होतं आणि ते लिहायचं होतं. सगळ्यांना दुसरा मेल पाठवते, आधी तुम्ही वाचा." 'तुमचा गैरसमज झाला' हे शब्द तोंडून जाऊ देऊ नका. गैरसमज त्यांचा झालेला नाही, त्यांनी लिहिलेलं तेच वाचलं. शेक्सपिअरही सांगत बसू नका, तो तुमच्यासाठी होता. ते "ठीक आहे" एवढंच म्हणून फायलीत डोकं घालतील, तर तेही मान्य करा. दुखावलेल्या माणसाला आपल्या सोयीच्या वेळी माफ करायला लावता येत नाही.

विषय वाढेल का, असं विचारलंत. वाढलेला आहेच, कँटीनपर्यंत गेला आहे. तो तुम्ही गप्प बसल्याने वाढतोय. त्या पोरांना एकदाच, न चिडता सांगा की तो शब्द माझी चूक होती, पुन्हा वापरू नका. तुमच्या तोंडून ऐकल्यावर त्यातली मजा जाईल.

दुसरा मेल पहिला ज्यांना गेला त्या सगळ्यांना गेला पाहिजे. सगळ्यांसमोर दिलेलं खाजगीत परत घेता येत नाही. सुरुवातीला एक ओळ, की आधीच्या मेलमध्ये एक अयोग्य शब्दप्रयोग माझ्या अजाणतेपणी गेला, दिलगीर आहे. मग ती तीन वाक्यं. बस.

आणि दोन वर्षांपूर्वीचं 'झोपा काढतात'? ते तुमचं येणं आहे, आणि ते तुम्ही सोडून द्या असं मी म्हणणार नाही. सगळ्यांसमोर एका विभागाला असं बोलणं चूक होतं, साहेब कितीही हुशार असोत. त्याची दाद मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण त्याच दिवशी, त्याच केबिनमध्ये नको, नाहीतर माफी ही वसुलीची प्रस्तावना वाटेल. महिना-दोन महिने जाऊ द्या, बोलणं पूर्ववत होऊ द्या, मग एकदा शांतपणे सांगा की तेव्हा लागलं होतं. ते ऐकतील की नाही, मला सांगता येत नाही. रात्रभर मशीनपाशी उभं राहणारा आणि ऑपरेटरचं म्हणणं ऐकून फिक्स्चर उघडायला लावणारा माणूस ऐकून घेण्याची शक्यता मात्र मला बरी वाटते.

ऑपरेटरवरून आठवलं. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. "जॉब बसवताना किंचित हलतो," हे ज्याने सांगितलं, त्याच्यासाठी तुमच्या पत्रात 'एक ऑपरेटर' एवढेच दोन शब्द आहेत, आणि मेलमध्ये बहुधा तेही नव्हते. आठवडाभर तुम्ही टूल बदललं, ऑफसेट दिला, गेज तपासून आणलं. जॉब हाताने बसवणाऱ्याला ते हलणं बोटांना जाणवलं होतं. कदाचित पहिल्याच दिवशी जाणवलं असेल आणि कुणी विचारलं नसेल. तो कंत्राटी असेल तर पुढच्या वर्षी त्या मशीनवर असेलच असंही नाही. साहेबांना मेल वाचायला द्याल तेव्हा त्यांनाच विचारा, "सर, त्या रात्री तो मुलगा कोण होता?" आणि त्याचं पूर्ण नाव, आडनावासकट, स्पेलिंग त्याच्याकडून नीट विचारून घेऊन, पहिल्या वाक्यात घाला. मेल गेल्यावर त्याची एक प्रिंट काढून शिफ्टला त्याच्या हातात द्या.